पौषातली सहल

बाई,

आज आमच्या घरात एक बस ठरली आणि दिवसभर तुम्ही डोक्यातून गेला नाहीत. माझी नात बोरिवलीच्या एका शाळेत शिकवते. शाळेची सहल न्यायची आहे आणि बस ठरवायचं काम तिच्या गळ्यात पडलंय. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती मला एकेका कंपनीची माहिती वाचून दाखवत होती. ह्यांच्या गाडीत कॅमेरे आहेत, ह्यांची गाडी कुठे पोचली ते मोबाइलवर दिसतं, ह्यांचे परवाने आणि विमे चोख आहेत. मी म्हटलं, छान, सगळं नीट बघून घे, ते बघायलाच हवं. पण चालवणार कोण? "आजी, ड्रायव्हर असतो ना यार त्यांचा," ती म्हणाली. मी म्हटलं, मग त्याला फोनवर घे आणि विचार, झोप आली तर काय करता. ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. तिला सगळं सांगायला बसले तर संध्याकाळ झाली, आणि सांगून झाल्यावर लक्षात आलं की जिला खरं सांगायला हवं होतं तिला कधी सांगितलंच नाही. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयाला मी केव्हाच मागे टाकलंय. म्हणजे आता तुम्ही मला रागावू शकत नाही, एवढं धरून लिहिते.

घाटकोपरची आपली मुलींची शाळा. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झालेली, आणि मी दहावीत, म्हणजे मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्षात. तुम्ही आम्हाला भूगोल शिकवत होतात. घाट म्हणजे काय हे तुम्ही फळ्यावर काढून दाखवलंत, मग खडू ठेवलात आणि म्हणालात, "हे असं नसतं. चला, बघून येऊ." त्या वाक्यापासून सगळं सुरू झालं. बोरघाट चढून कार्ल्याची लेणी बघायची आणि त्याच दिवशी परत. वर्गातल्या एका मुलीचे मामा लोणावळ्याला राहत होते, त्यांनी दुपारच्या जेवणाचं आपणहून अंगावर घेतलं. आता राहिली बस.

बस मिळायला वेळ लागला नाही. शाळेच्या कमिटीचे चिटणीस होते ना, त्यांचे साडू अंधेरीला भाड्याने बसगाड्या देत. दुसऱ्या शनिवारी शाळा सुटायच्या वेळी गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. निळीशार, नवा रंग, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. आमच्यापैकी निम्म्या मुली तिथल्या तिथे कार्ल्याला पोचल्या. मी तर पडद्याला हात लावून बघत होते. तुम्ही मागून आलात आणि म्हणालात, "पडद्यांनी ब्रेक लागतो का गं?" सगळ्या हसल्या आणि माझे कान तापले. तेवढ्यात तुम्ही गाडीला वळसा घालून ड्रायव्हरपाशी गेलात. तो दाराला टेकून विडी ओढत होता. डोळे लाल. तुम्ही चिटणिसांकडे बघितलं नाहीत, त्यांच्या साडूंकडेही नाही, सरळ त्यालाच विचारलंत, "झोप आली तर काय करता?"

"आपल्याला झोप येतच नाय, बाई," तो छाती काढून म्हणाला. "काल रात्रभर डहाणूच्या वऱ्हाडात होतो, सकाळी त्यांना सोडलं आणि हा इथे उभा. एकदम टकाटक."

"बघा, असा माणूस आहे माझा," साडू म्हणाले.

"आणि सहलीला हेच येणार?" तुम्ही विचारलंत.

"हा नाहीतर दुसरा. त्या दिवशी जो मोकळा असेल तो. माणसांना काय तोटा आहे?"

तुम्ही नमस्कार केलात. म्हणालात, देवांना झोप नसते असं ऐकून होते, आज दर्शन झालं, पण देवाच्या हाती मुली द्यायची माझी तयारी नाही. चिटणिसांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाहुण्यांसमोर असं बोलायचं तुम्हाला काही नडलं नव्हतं. पण तुमच्या जिभेला हाड नव्हतं हे शाळेतल्या घंटेलासुद्धा ठाऊक होतं. निळी गाडी गेली. आम्ही दोन दिवस तुमच्यावर मनातल्या मनात चरफडलो. मुलींना पडदे हवे होते.

मग तुम्ही जे केलंत ते मी नंतर आयुष्यात दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही. स्टेशनापलीकडे एका गुजराती शेठचा बसगाड्यांचा वाडा होता. तिथे तुम्ही आमचा अख्खा वर्ग नेलात. ज्यांना बसायचंय त्यांनी आधी बघायला नको का, असं म्हणालात. काळ्या तेलाने चिकट झालेल्या जमिनीवरून आम्ही परकर सावरत चाललोय आणि शेठ दारात हात जोडून उभे, हे मला आत्ता दिसतंय. गाडी जुनी होती, रंग धड लाल नाही धड तपकिरी नाही. तुम्ही आम्हाला आत बसवून मुलुंडपर्यंत आणि परत अशी एक फेरी मारायला लावलीत आणि स्वतः दांडीला धरून सबंध वेळ उभ्या राहिलात. त्या गाडीचा ड्रायव्हर कणकवलीकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. परत वाड्यात आल्यावर तुम्ही तोच प्रश्न विचारलात. झोप आली तर काय करता?

त्याने गाडीची कळ बंद केली आणि जरा विचार केला. "येता ना झोप," तो म्हणाला. "मगे गाडी बाजूक लावतंय आणि निजतंय."

"आणि गाडीतली माणसं ओरडली तर?"

"ओरडतत. ओरडून दमतत."

तुम्ही शेठकडे वळलात आणि म्हणालात, गाडी हीच आणि माणूस हाच, दुसरा पाठवलात तर मुली फाटकातून बाहेर पडणार नाहीत. शेठ म्हणाले, "हाच येल. पण बाई, पोष महिन्यात गाडी मागनारी तुमी पयलीच. या महिन्यात आमची गाडी पन झोपते आनि ड्रायव्हर पन."

"म्हणूनच पौष," तुम्ही म्हणालात.

पौषातली तारीख ऐकून घरोघर नाकं मुरडली गेली होती. पौषात कुणी चांगल्या कामाला हात घालत नाही, आणि तुम्ही पोरी घेऊन घाटात निघालात. वर दिवस लहान. शाळेने वडिलांच्या नावे चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, पण तुमचा चिठ्ठ्यांवर विश्वास नव्हता. परवानगी बाहेरच्या खोलीत मिळते, पण मुलगी सुटते स्वयंपाकघरातून, हे तुमचं म्हणणं. म्हणून तुम्ही एकेका मुलीच्या घरी गेलात आणि पुरुषमंडळी पुढे खुर्ची सारत असताना थेट आत चुलीपाशी. आमच्याकडे आलात त्या दिवशी आई संक्रांतीचे तीळ भाजत होती. तुम्ही पाटावर बसलात, परातीतले चार तीळ उचलून तोंडात टाकलेत आणि म्हणालात, "छान खमंग झालेत." आई उलथणं फिरवत राहिली. बाबांनी हो म्हटलेलं तिला माहीत होतं आणि त्या हो-ला तिच्या लेखी काडीची किंमत नव्हती.

तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं ते आता सांगते. आईचा पाठचा भाऊ, माझा मामा, एका मित्राच्या लग्नाला वऱ्हाडाच्या गाडीतून गेला तो परत आलाच नाही. पहाटे परतताना गाडी रस्ता सोडून खाली गेली. ड्रायव्हर दोन रात्री जागा होता म्हणे. मी तेव्हा इतकी लहान होते की मामाचा चेहरा मला आठवत नाही, पण त्यानंतर आई कुणालाही गाडीत बसवून देताना दारात उभी राहत नसे. आत निघून जाई. आमच्या घरी हे कुणी बोलत नसे आणि त्या दिवशीही कुणी बोललं नाही.

"पौषातच कशाला, बाई?" आईने शेवटी विचारलं. "महिनाभर थांबलं तर काय बिघडतं?"

"महिनाभराने लग्नं सुरू होतील," तुम्ही म्हणालात. "लग्नं म्हणजे वऱ्हाडं. वऱ्हाडं म्हणजे गाड्या रात्रभर रस्त्यावर आणि ड्रायव्हरांना जागरण. पौषात लग्न नाही. ड्रायव्हर आपल्या घरी आपल्या अंथरुणात झोपलेला असतो. मुली मी झोपलेल्या माणसाबरोबर नेणार आहे."

आईच्या हातातलं उलथणं थांबलं. तीळ तडतडायला लागले, करपले, आणि तिने ते करपू दिले. मी तिच्याकडे बघत होते आणि तुम्ही कढईकडे. मग ती एवढंच म्हणाली, "दिवेलागणीच्या आत मुलगी दारात हवी."

"दिवेलागणीच्या आत," तुम्ही म्हणालात. घरोघर तुम्ही हाच शब्द देत आला होतात. तुमचा शब्द म्हणजे काय ते सबंध घाटकोपरला ठाऊक होतं, आणि त्या शब्दावर आमच्या आयांनी आम्हाला सोडलं. पौष असून सोडलं.

आम्ही उजाडायच्या आधी निघालो. ठाणं गेलं, मुंब्र्याचे डोंगर गेले, पनवेलला चहा झाला, आणि खोपोलीपासून गाडी घाट चढायला लागली तेव्हा सगळ्यांची तोंडं एकदम बंद झाली. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तुम्ही उभ्या राहून शिकवत होतात. ती बघा खिंड, तो बघा कडा, पाणी कुठून कुठे वाहत असेल सांगा. कोण सांगणार? मी समोरच्या मुलीची वेणी घट्ट धरून ठेवली होती. कार्ल्याची लेणी मला आज धड आठवत नाहीत, तुमची क्षमा मागून सांगते. घाट मात्र जसाच्या तसा आठवतो.

आणि मग लोणावळ्याचं ते जेवण. तुमचा एक नेम होता, ड्रायव्हर आपल्या पंगतीत जेवेल. त्या काळी ड्रायव्हरला पायरीवर पत्रावळ नेऊन देत, सगळ्यांचं झालं की. तुम्हाला ते खपत नसे. ज्याच्या हातात आपला जीव त्याचं पोट आधी, असं तुम्ही त्या मैत्रिणीच्या मामांना निरोपातच कळवलं होतं. मामा म्हणजे उत्साहाचं पोतं. भाचीच्या मैत्रिणी म्हणजे माझ्या भाच्याच, असं म्हणून त्यांनी घरच्या म्हशींच्या दुधाची बासुंदी केली होती, पुऱ्या, मसालेभात, बटाट्याची भाजी, आणि तुमचा निरोप त्यांनी इतका मनावर घेतला की ड्रायव्हरदादांना पहिल्या पाटावर बसवून, कपाळाला गंध लावून, त्यांच्यासमोर उदबत्ती लावली. तुम्ही पंगतीच्या दुसऱ्या टोकाला एका मुलीला भात संपवायला लावत होतात. इकडे दादांची वाटी रिकामी झाली की मामा हजर.

"मामांनू, पुरे आता. माका गाडी हाकूची आसा." दादांनी वाटीवर हात आडवा धरलेला.

"गाडी काय पळून चाललीय का? माझ्या भाच्या सुखरूप आणल्यात आणि माझ्या दारातून अर्धपोटी उठणार?" मामांनी तो हात अलगद उचलून बाजूला केला आणि वाटी भरली. मग मामी आल्या. त्यांचीही एक वाटी, नाहीतर त्यांना वाईट वाटणार. आम्ही मुली काय कमी होतो? घ्या हो दादा, घ्या हो दादा, असा आमचा गजर. आपल्याकडे जेवणाऱ्याने नको म्हणायचं असतं आणि वाढणाऱ्याने ते ऐकायचं नसतं. कुणाच्याही मनात प्रेमापलीकडे काही नव्हतं. त्या माणसाने दहा जणांची मनं राखली. तुम्ही पौष शोधलात, गाडी शोधलीत, माणूस शोधलात, आणि सगळं बासुंदीने वाहून नेलं.

गाडी सुटायची वेळ झाली. आम्ही आपापल्या जागी बसलो, मामा-मामी फाटकाशी हात हलवत उभे. दादांनी चाकावर हात ठेवला आणि तुम्ही त्यांच्याशेजारी उभ्या राहिलात. काय दिसलं तुम्हाला? मला तर काहीच दिसलं नव्हतं. तुम्ही सावकाश विचारलंत, "दादा, झोप येतेय का?"

समोर मामा उभे, ज्यांनी आत्ताच उदबत्ती लावली होती. शेजारी आमच्याबरोबर आलेले ड्रॉइंगचे सर, घड्याळात बघणारे. नाही म्हणायला त्या माणसाला काय लागत होतं? त्याने मान खाली घातली. "येता, बाईनू. डोळे जड झालेत. खोटा कित्याक बोलू?"

"उतरा गं सगळ्या खाली," तुम्ही म्हणालात.

ड्रॉइंगच्या सरांनी तुम्हाला गाडीतच बाजूला घेतलं, पण आम्ही खिडकीखालीच होतो, सगळं ऐकू आलं. कडक चहा द्या, डोळ्यांवर पाणी मारा, मी पुढे बसून त्याच्याशी बोलत राहतो, ते म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "चहाने डोळे उघडतात, सर. झोप आतच असते."

"आता निघालो नाही तर दिवेलागण साधत नाही. तुम्ही घरोघर शब्द देऊन आलात, बाई. त्यात पौष. लोक काय ठेवतील तुमचं? पुन्हा एक मुलगी पाठवणार नाहीत."

इतक्या वेळात मी तुम्हाला पहिल्यांदा घाबरलेलं बघितलं. पदराचं टोक तुम्ही बोटाला गुंडाळत होतात आणि सोडत होतात. मग म्हणालात, "शब्द माझा आहे. गेला तर माझा जाईल." आणि मामांना म्हणालात, ओसरीवर एक घोंगडी घाला.

रविवार होता, पोस्ट बंद. निरोप पाठवायला काही मार्ग नव्हता. दादा ओसरीवर आडवे झाले आणि घोरायला लागले. मामा बिचारे तोंड पाडून आतबाहेर करत होते, माझंच चुकलं म्हणत होते, आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "बासुंदी उत्तम होती, वाईट वाटून घेऊ नका." आम्हाला अंगणात आंब्याखाली बसवलंत. ओरडायचं नाही, हसायचं नाही, माणूस झोपलाय. म्हणून आम्ही कुजबुजत्या आवाजात भेंड्या खेळलो. सबंध वर्ग कानाशी तोंड नेऊन गाणी म्हणतोय, असं कुणी कधी ऐकलंय का? तुम्ही ओसरीवर खुर्ची घेऊन बसला होतात आणि जुन्या वर्तमानपत्राने त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत होतात. ऊन आंब्याखालून सरकून विहिरीपाशी गेलं. तुम्ही एकदाही हाक मारली नाहीत. ड्रॉइंगचे सर दोनदा खाकरले तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे असं बघितलंत की ते उठून विहिरीवर जाऊन बसले.

दादा आपणहून उठले. तोंड धुतलं, नुसतं पाणी प्यायले, आणि तुमच्यासमोर उभे राहून म्हणाले, "आता चला." घाट आम्ही दिवसाच्या शेवटच्या उजेडात उतरलो. गाडी अशी खाली आली की माझी मांडीवर ठेवलेली पिशवीसुद्धा हलली नाही. खोपोलीला पोचलो तेव्हा दुकानांतून कंदील लागत होते. ती दिवेलागण. तुम्ही बाहेर बघितलंत, मग मागे वळून म्हणालात, "मुलींनो, हात जोडा." घरी दिव्याला हात जोडून म्हणायचं ते आम्ही गाडीत म्हटलं, आणि अर्ध्यावर तुमचा आवाज थांबला. बाकीचं आम्हीच पुरं केलं. पुढच्या अंधारात पनवेल, मुंब्रा, ठाणं काही कळलं नाही. तुम्ही दांडीला धरून उभ्याच होतात.

शाळेच्या फाटकाशी सगळं घाटकोपर जमलं होतं असं मला वाटलं. जेवणं टाकून आलेली माणसं. गाडी दिसल्याबरोबर एक बाई रडायला लागल्या. चिटणीस पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिवेलागण होऊन किती वेळ झाला, बाई? हीच का तुमची जबाबदारी? पौषात नेऊ नका म्हणून सगळे सांगत होते." अंधेरीची गाडी घेतली असती तर, असंही कुणीतरी म्हणालं. तुम्ही म्हणालात, "उशीर मी केला." तेवढंच. दादांचं नाव नाही, बासुंदीचं नाही, मामांचं नाही. दादा खाली उतरून काही सांगायला लागले तर तुम्ही त्यांना हातानेच थांबवलंत.

आई गर्दीतून आली. आधी तिने माझे दोन्ही दंड चाचपले, मग तोंडावरून हात फिरवला, बाजारात भाजी बघावी तसं उलटसुलट करून बघितलं. मग ती तुमच्याकडे वळली आणि मला वाटलं आता काही खरं नाही. "काय झालं होतं?" तिने विचारलं.

"ड्रायव्हरला झोप येत होती," तुम्ही हळू म्हणालात. "झोपू दिलं. तुम्हाला दिलेला शब्द गेला माझा."

आई तुमच्याकडे बघत राहिली. "माझ्या भावाच्या गाडीत तुम्ही असायला हव्या होतात," ती म्हणाली. आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, ती रडली. माझा मामा गेल्यावर ती रडली होती की नाही मला ठाऊक नाही, मी तेव्हा फार लहान होते. पण मी बघितलेलं तिचं रडणं ते पहिलं. तुम्हाला काही माहीत नव्हतं, तरी तुम्ही विचारलं नाहीत. तिचा हात धरून उभ्या राहिलात.

कमिटीने तुम्हाला बोलावून झापलं, ते आम्हाला नंतर कळलं. पुढच्या वर्षी सहल नाही असं चिटणिसांनी जाहीरच करून टाकलं. मग आमची आई, जी उभ्या जन्मात कुणाच्या घरी काही मागायला गेली नाही, ती एकेका स्वयंपाकघरात जाऊन आली. आत काय बोलली ते तिने कधी सांगितलं नाही. सहल निघाली. पौषातच, त्याच गाडीने, त्याच दादांबरोबर. दिवेलागणीचा शब्द या खेपेला कुणी मागितला नाही. दादांचा डबा आईने स्वतः करून दिला, दशम्या आणि लसणाची चटणी. "ताकसुद्धा देऊ नका हो, सुस्ती येते," असं तुम्हाला बजावलं. आणि गाडी आमच्या दारावरून गेली तेव्हा ती आत निघून गेली नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभी होती. बाई, माझ्या आईला तुम्ही दारात उभं केलंत. याचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. जे झालं त्याचे आभार माणूस मानतो. जे झालंच नाही, त्याचे मानायला जावं कुणाकडे? बोरघाटात त्या दिवशी काही झालं नाही, म्हणून मी मॅट्रिक झाले, मुलुंडच्या शाळेत भूगोल शिकवला, लेक झाली, नात झाली. कदाचित काही झालंही नसतं. पण मी ते कदाचित तपासून बघण्याच्या बाजूची नाही.

मुलुंडला असताना सहलींच्या गाड्या मीच ठरवायची. कागदपत्रं बघायची, टायर बघायचे, ब्रेक बघायला माणूस न्यायची, आणि शेवटी तुमचा प्रश्न. पुष्कळ जण चिडायचे. आम्हाला येडे समजता काय, म्हणायचे. खरं उत्तर देणारा एखादाच. आज नातीने तीन जणांना फोन केले. पहिला म्हणाला, मॅडम, फुल गॅरंटी. दुसरा हसला. तिसरा जरा थांबला आणि म्हणाला, "येते ना मॅडम, जेवल्यावर येते. मग बाजूला लावतो थोडा वेळ. तुम्हाला चालेल ना?" तिने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं आणि मला काही सांगावंच लागलं नाही. त्याचे परवाने आधीच बघून झाले होते. पोरगी हुशार आहे. मी फक्त म्हटलं, जेवायला काय देणार आहात ते आधी ठरवा.

हे पत्र मी घडी घालून माझ्या पातळांत ठेवणार आहे. पाठवायला तुम्ही नाही आहात, आणि असतात तरी पाठवायचं धाडस झालं असतं की नाही कोण जाणे. कारण एक गोष्ट मी नातीलाही सांगितली नाही. त्या दुपारी तुम्ही ओसरीवर बसून होतात, तुमचा शब्द उन्हाबरोबर सरकत चालला होता, आणि मी आंब्याखाली बसले होते. एरवी रविवारी त्या वेळेला मी नळावर असायची, नाहीतर धाकट्यांना सांभाळत, नाहीतर चुलीपाशी. हात मोकळे, शेजारी मैत्रिणी, डोक्यावर एवढं झाड, आणि कुणी हाक मारणार नाही, असं माझ्या जन्मात कधी झालं नव्हतं. दादा कुशीवर वळले तेव्हा तुम्ही आशेने पुढे झुकलात. आणि मी डोळे घट्ट मिटून देवाला म्हटलं, इतक्यात नको रे, झोपू दे त्यांना अजून थोडं.